ताकद बसली, पण लगाम कुठाय?

दोस्तांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. जुन्या पेट्रोल गाडीला सुपरचार्जर बसवून झालाय. बॉनेट उघडलं की नवा चकचकीत पंप, नवा पट्टा, नवे पाइप दिसतायत. फिटिंग सोलापूरच्या गॅरेजमध्ये झालं. मेकॅनिक म्हणाला, "माझं काम झालं, आता ट्यूनिंग पुण्याला करून घ्या." पुण्याची तारीख मिळाली पंधरा दिवसांनंतरची. तोवर गाडी धाराशिवला दारात उभी राहणार. आणि पहिल्याच संध्याकाळी मित्राचा फोन येतो, "अरे, तुळजापूरपर्यंत एक राउंड मारू की! तेवढ्यानं काय होतंय?"

तेवढ्यानं काय होतं, तेच आज बोलायचंय. कारण फिटिंग आणि ट्यूनिंग यांच्या मधले हे पंधरा दिवस गाडीच्या आयुष्यातले सगळ्यात धोक्याचे दिवस असतात. गाडीत ताकद आलेली असते, पण ती कुठं, कधी, किती वापरायची हे गाडीच्या मेंदूला कुणी सांगितलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, आपल्या जिल्ह्यात सुपरचार्जर बसवणारे असे कितीजण आहेत? मोजकेच असतील. पण प्रश्न एकट्या सुपरचार्जरचा नाही. टर्बो किट बसवणारे, डिझेल गाडीला इंटरनेटवरून मागवलेला ट्यूनिंग बॉक्स जोडणारे, कुणाच्या तरी लॅपटॉपवरून रीमॅप मारून घेणारे, ट्रॅक्टरचा पंप वाढवून घेणारे, या सगळ्यांची चूक एकाच जातीची असते. ताकद आधी, हिशोब नंतर. आपल्याकडं याला नेमकी म्हण आहे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

सुपरचार्जर करतो तरी काय?

साधं इंजिन हवा ओढून घेतं. पिस्टन खाली गेला की पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा आत येते. आत येणाऱ्या हवेचा दाब फार तर बाहेरच्या हवेइतका, समुद्रसपाटीला साधारण १ बार, म्हणजे १०० किलोपास्कलच्या आसपास. आपलं धाराशिव बालाघाटाच्या पठारावर साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं आपल्याकडं तो आणखी थोडा कमी, ९४ किलोपास्कलच्या घरात.

सुपरचार्जर हा हवेचा पंप. इंजिनच्या क्रँकवरून पट्ट्यानं फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. टर्बोचंही काम तेच, फक्त तो सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो. दाब ०.४ बारनं वाढवला तर ढोबळमानानं चाळीस टक्क्यांपर्यंत जादा हवा आत जाऊ शकते. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा ताकद. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी असा हवेचा पंप १८६० मध्ये पेटंट केला होता, मोटारी यायच्या कितीतरी आधी. मर्सिडीजनं १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या मोटारी मांडल्या. आज रील्समध्ये तुम्ही जी कावासाकी निन्जा एच-२ बघता, तिच्यातही सुपरचार्जरच आहे.

पण कंपनीच्या गाडीत आणि किट बसवलेल्या गाडीत मोठा फरक असतो. कंपनी टर्बो किंवा सुपरचार्जर देते तेव्हा पिस्टन, गॅस्केट, इंजेक्टर, रेडिएटर, क्लच आणि ईसीयू हे सगळं त्या ताकदीला धरून बनवते, हजारो तास तपासते आणि मगच शोरूममध्ये पाठवते. किटमध्ये ताकद तेवढी येते. बाकीचं इंजिन जुनंच राहतं.

ईसीयूच्या वहीतलं कोरं पान

गाडीचा ईसीयू म्हणजे पाढ्यांची वही समजा. अमुक आरपीएम, हवेचा तमुक दाब, तर पेट्रोल इतकं सोड, ठिणगी इतकी आधी टाक, असे तक्ते त्या वहीत लिहिलेले असतात. साध्या इंजिनची वही १ बारच्या आसपास संपते, कारण त्यापुढचा दाब त्या इंजिनला कधी बघायचाच नव्हता. कित्येक गाड्यांतला दाब मोजणारा सेन्सरही तिथंच अडतो. तुम्ही सुपरचार्जर बसवला आणि दाब १.४ बारला गेला, की ईसीयूसमोर कोरं पान येतं. तो आपला शेवटच्या ओळीचंच उत्तर पुन्हा पुन्हा देत बसतो. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. मेकॅनिकच्या भाषेत गाडी लीन चालली.

पेट्रोल पूर्ण जळायला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनानं १४.७ ला १ असावं लागतं. दाब वाढवलेल्या इंजिनवर पूर्ण जोर असताना मात्र ट्यून करणारे ते ११.५ ते १२.५ च्या दरम्यान आणतात, म्हणजे मुद्दाम जादा पेट्रोल सोडतात. ते जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषतं, पिस्टनला वाचवतं. ट्यून नसलेल्या गाडीला हे संरक्षण नसतं.

त्यात आपला उन्हाळा. हवा दाबली की तापते, हे सायकलला पंप मारताना हाताला जाणवलेलं असतंच. बाहेर ४० अंश तापमान असताना ०.४ बार दाबलेली हवा, इंटरकूलर नसेल तर, ८०-९० अंशांपर्यंत जाऊ शकते. इतकी गरम हवा, कमी पेट्रोल आणि जुन्याच हिशोबानं लवकर पडणारी ठिणगी. मग पेट्रोल शिस्तीत जळत नाही, सिलिंडरच्या कोपऱ्यात आपोआप स्फोट व्हायला लागतात. यालाच नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. गाण्याचा आवाज मोठा असेल तर तो ऐकूही येत नाही. जोर जास्त असेल तर पिस्टनची रिंगची जागा तुटायला किंवा पिस्टनला भोक पडायला काही सेकंदही पुरतात.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचीही एक गोष्ट आहे. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला इथेनॉल नवं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळं नॉकिंगला ते उलट मदतच करतं. पण तेवढीच हवा जाळायला इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त लागतं. साध्या चालीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून ही तूट भरून काढतो. पाय पूर्ण दाबला की बहुतेक गाड्यांत तो सेन्सरचं ऐकणं थांबवून वहीतल्या आकड्यावर चालतो. म्हणून ट्यूनिंग करताना तुम्ही रोज जे पेट्रोल भरता, तेच टाकीत असलं पाहिजे.

डिझेलवाल्यांनी हसू नये. डिझेलमध्ये गणित उलटं आहे, परिणाम तोच. तिथं जादा डिझेल सोडलं की उष्णता वाढते. मागून काळा धूर निघाला की पोरं खूश होतात, पण तो धूर म्हणजे न जळालेलं डिझेल आणि तापलेला टर्बो.

पहिला सल्ला: गाडी हलवू नका

सगळ्यात सुरक्षित उत्तर कंटाळवाणं आहे. ट्यून होईपर्यंत गाडी उभी ठेवा. पुण्याला न्यायची तर फ्लॅटबेडवर घालून न्या. धाराशिवहून पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. टोइंगचा खर्च ऐकून पोटात गोळा येईल, पण तो एकदा इंजिन उघडण्याच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. किट बसवणाऱ्याशी आधीच ठरवता आलं तर आणखी बरं. जिथं ट्यूनिंग होणार तिथंच फिटिंग करायचं, म्हणजे हा मधला काळ उरतच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सुपरचार्जर तात्पुरता बाजूला काढणं. सेंट्रिफ्यूगल प्रकारच्या काही किटमध्ये पट्टा काढून, हवेचा पाइप पूर्वीसारखा जोडून, मूळ इंजेक्टर आणि मूळ सेटिंगवर गाडी चालवता येते. हे बसवणाऱ्यानं स्वतः करून द्यायला हवं. जो सुपरचार्जर थेट मॅनिफोल्डवर बसतो, त्या रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारात नुसता पट्टा काढून चालत नाही, कारण थांबलेल्या रोटरमधून इंजिनला पुरेशी हवाच मिळत नाही.

आणि एक प्रश्न बसवणाऱ्याला स्पष्ट विचारा, "ईसीयूमध्ये बेस मॅप टाकलाय का?" बेस मॅप म्हणजे कच्चा हिशोब. पेट्रोल थोडं जादा, ठिणगी थोडी उशिरा, अशी सांभाळून ठेवलेली सेटिंग. त्यावर गाडी हळू चालू शकते. नवे मोठे इंजेक्टर बसवलेत पण बेस मॅप नाही, असं असेल तर ती गाडी किल्ली फिरवायच्याही लायकीची नाही. उत्तर देताना समोरचा "काही होत नाही, बिनधास्त चालवा" एवढंच म्हणाला, तर समजा बेस मॅप नाही.

न्यावीच लागली तर

समजा बेस मॅप आहे आणि गाडी थोडं अंतर चालवल्याशिवाय गत्यंतर नाही. तर मग नियम एकच, आणि बाकी सगळं त्यातून निघतं. इंजिनला दाब, म्हणजे बूस्ट, लागू द्यायचा नाही.

नुसतं "आरपीएम कमी ठेव" असं ऐकून फसू नका. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरमध्ये दाब आरपीएमबरोबर वाढतो, तिथं अडीच-तीन हजारांच्या आत राहण्याला अर्थ आहे. पण रूट्स आणि ट्विन-स्क्रू प्रकारात पंधराशे आरपीएमलाही पाय दाबला की दाब हजर. टर्बोचा दाब इंजिनवर किती ओझं आहे त्यावर ठरतो. म्हणून बघायचं ते बूस्ट गेजकडं. काटा शून्याच्या खाली, व्हॅक्यूमच्या बाजूलाच राहिला पाहिजे. गेज नसेल तर ओबीडी पोर्टला लावायचा छोटा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलमधलं अ‍ॅपही मॅनिफोल्डचा दाब किलोपास्कलमध्ये दाखवतं. आपल्या उंचीवर आकडा ९० कडं सरकला की पाय हलका करायचा. हा आकडा शेजारी बसलेल्यानं वाचायचा. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर.

गाडी हलवण्यापूर्वी ऑइल, कूलंट, पट्ट्याची सरळ रेषा आणि पाइपांचे क्लॅम्प तपासा. पेट्रोलचा वास येत असेल तर तिथंच थांबा. दहा-पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, मग दोन-तीन किलोमीटर फिरवून पुन्हा बॉनेट उघडा. नव्या पट्ट्याचा ताण आणि नवे क्लॅम्प पहिल्या गरमाईनंतरच ढिले पडतात.

निघायचं पहाटे, हवा गार असताना. मित्र चार नकोत, एकच हवा, आणि तोही गेज वाचणारा. टाकीत जास्त ऑक्टेनचं ताजं पेट्रोल भरा. त्यानं नॉकिंगचा धोका कमी होतो, ट्यूनिंगची जागा मात्र ते घेत नाही. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीचंही तेच.

वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवू नका. पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगानं चढ चढवायला गेलात तर आरपीएम कमी दिसतो, पण ओझं पूर्ण असतं आणि नॉकिंगला तेच हवं असतं. एक गिअर खाली घ्या, पाय हलका ठेवा. इथं आपला भूगोल लक्षात घ्या. सोलापूरहून धाराशिवला येताना तुळजापूरच्या अलीकडं घाट आहे. बार्शीहून येडशीकडं यायचं तरी चढच. म्हणजे फिटिंग करून घरी येण्याचा रस्ताच बालाघाटाची चढण आहे, आणि चढणीवर बूस्ट न लागू देता चालणं अवघड. सुरुवातीच्या प्रसंगातली गाडी खरं तर घरी यायलाच नको होती.

ओव्हरटेक करायचा नाही. समोर उसाची ट्रॉली असेल तर तिच्या मागं, अंतर ठेवून, तिच्याच वेगानं. ओव्हरटेकला पाय दाबावा लागतो, आणि नेमकं तेच आपल्याला करायचं नाहीये. शिवाय ट्यून नसलेली गाडी ऐन वेळी अडखळते, आणि समोरून ट्रक येत असताना गाडी अडखळणं म्हणजे काय ते सांगायला नको.

खडखड ऐकू आली तर लगेच पाय उचला, गाडी हळूहळू कडेला घ्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, पुढं जाऊ नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून इंजिन ताबडतोब बंद. तापमानाचा काटा वर गेला तर थांबा, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. यातलं एकही झालं तर पुढचा प्रवास टोइंगनं. "आता थोडंच राहिलंय" या वाक्यानं फार इंजिनं खाल्लीत.

रस्ता एकट्याचा नाही

इथवर इंजिन वाचवायचं बोललो. इंजिन पैशानं परत मिळतं. त्या पैशामागं कुणाच्या तरी सोयाबीनचं एक अख्खं पीक असेल, तरीही मिळतं. रस्त्यावरचा माणूस परत मिळत नाही.

ताकद वाढली, पण ब्रेक तेच, टायर तेच, सस्पेन्शन तेच. ताशी ६० वरून ताशी १२० वर गेलात तर गाडीतली गतीची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि ती जिरवायचं काम त्याच चार ब्रेकवर पडतं. पाय किती दाबला की गाडी किती पळेल याचा आजवरचा अंदाजही मोडलेला असतो. जुन्या सवयीनं पाय दाबायचा आणि गाडीनं नव्या ताकदीनं उसळी घ्यायची, हे पहिल्या दिवसांत हमखास होतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेली काळी माती असते, तिच्यावर अशी उसळी म्हणजे सरळ घसरगुंडी.

आणि आपले रस्ते कुणाचे आहेत ते बघा. कोजागरीला सोलापूरकडून हजारो भाविक रात्रभर चालत तुळजापूरला येतात. नवरात्रात ज्योत घेऊन पळणारी पोरं याच रस्त्यावर असतात. कारखाने सुरू झाले की रात्री मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि उसाच्या बैलगाड्या असतात. पहाटे भरतीची तयारी करणारी तुमच्याच वर्गातली मुलं-मुली कडेनं धावत असतात. त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नसतं की मागून येणारी गाडी अजून ट्यून व्हायचीय.

कायदा काय म्हणतो

हेही कळू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातली माहिती आणि कंपनीनं ठरवलेला तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे.

लक्षात घ्या, शिक्षा मालकाला. कॉलेजातल्या बहुतेकांच्या गाडीचं आरसी बुक वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असतं. हौस तुमची, नोटीस त्यांना. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो, वॉरंटीवर तर पाणीच सोडायचं. म्हणून किटची ऑर्डर देण्याआधी एक फेरी आरटीओ कार्यालयात मारा. तिथं "नाही" म्हणाले, तर ती गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, एवढं स्वच्छ समजून घ्या.

हौस आहे ना? मग मैदान आहे

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हौसेवर पाणी ओतायला बसलेत. तसं नाही. बॉनेटखाली काय चाललंय याची उत्सुकता असणं ही चांगली गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली पॉलिटेक्निकला, आयटीआयला, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जातात. त्यांच्यासाठी रस्त्यापेक्षा चांगल्या जागा आहेत. बाहा एसएई इंडिया, सुप्रा एसएई इंडिया, फॉर्म्युला भारत या स्पर्धांत विद्यार्थी स्वतः गाडी बनवतात आणि बंद ट्रॅकवर पळवतात. फॉर्म्युला प्रकारच्या या स्पर्धांच्या नियमांत सुपरचार्जरला बंदी नाही. पण इंजिनला जाणारी सगळी हवा एका अरुंद भोकातून जावी लागते, पेट्रोल इंजिनसाठी ते फक्त २० मिलिमीटर व्यासाचं. आणि तांत्रिक तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही. ताकद कितीही लावा, आधी हिशोब दाखवा, असा तो नियम.

या हिशोबाची एक जुनी साक्षही आहे. १९३० च्या ल मां शर्यतीत, चोवीस तास चालणाऱ्या त्या प्रसिद्ध शर्यतीत, सुपरचार्जर लावलेल्या दोन बेंटली उतरल्या होत्या आणि एक सुपरचार्ज्ड मर्सिडीजही. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा आपल्या गाडीला सुपरचार्जर लावायला विरोध होता. शर्यत संपेपर्यंत त्या तिन्ही गाड्या बाद झाल्या. जिंकली ती बेंटलीचीच, बिनासुपरचार्जरची स्पीड सिक्स. सुपरचार्जर वाईट असा याचा अर्थ नाही. चोवीस तास टिकण्याचा हिशोब ज्या गाडीचा पक्का होता, ती पोचली.

आपल्या आजोबांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं. नवा खोंड गाडीला जुंपताना ते पहिल्याच दिवशी उसाची खेप भरत नसत. आधी जुन्या बैलाच्या जोडीला, रिकाम्या गाडीला, पांदीच्या वाटेनं. खोंडाच्या अंगात ताकद नाही म्हणून नव्हे, भरपूर आहे म्हणूनच.

तेव्हा दोस्तांनो, मित्राचा फोन आला की "तुळजापूरपर्यंत एक राउंड मारू", तर त्याला सांगा, "गाडी अजून ट्यून व्हायचीय, आज एसटीनं जाऊ." तो हसेल. हसू द्या. पुण्याहून ट्यूनिंगचा ग्राफ हातात घेऊन परत याल, तेव्हा घाटातल्या प्रत्येक आरपीएमला किती पेट्रोल जातंय आणि ठिणगी कधी पडतेय हे तुम्हाला सांगता येईल. त्याला फक्त आवाज सांगता येईल.